महाराष्ट्र आणि गोव्यातील चर्चच्या घंटा

महाराष्ट्र आणि गोव्यातील चर्चच्या घंटा म्हणजे सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि त्यानंतर ब्रिटिश अमलाच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरील व दख्खनमधील चर्चसाठी ओतलेल्या किंवा युरोपातून आणलेल्या कांस्याच्या घंटा होत. यांपैकी काही आजही चर्चच्या मनोऱ्यांत आहेत. मराठ्यांच्या उत्तर कोकणातील मोहिमेनंतर (१७३७–१७३९) काही घंटा घाटावर आल्या आणि नाशिक, मेणवली, भीमाशंकर, थेऊर यांसारख्या ठिकाणच्या देवळांत बसवल्या गेल्या. ब्रिटिश काळात पुणे व मुंबई येथील चर्चमध्ये अनेक घंटांचे सुरात जुळवलेले संच आले.

चर्चच्या घंटेवर बहुधा साल, ख्रिस्ती चिन्ह, संताचे नाव किंवा ओतणाऱ्याचे नाव उमटवलेले असते. त्यामुळे अशी प्रत्येक घंटा हे इतिहासाचे स्वतंत्र साधन ठरते. मात्र ते वाचण्यासाठी घंटेजवळ जाणे आवश्यक असते. इंग्लंडमध्ये घंटावादकांचे गट सुटीच्या दिवशी गावोगावच्या मनोऱ्यांना भेटी देतात. या प्रथेचा घंटांच्या नोंदणीलाही उपयोग झाला. महाराष्ट्रातील घंटांची माहिती मात्र प्रामुख्याने स्थानिक परंपरा आणि विखुरलेल्या लेखनातून मिळते.

रचना आणि धातू

युरोपीय पद्धतीची घंटा तांबे आणि कथील यांच्या मिश्रणातून ओततात. या कांस्यात कथिलाचे प्रमाण साधारणपणे एक पंचमांशाहून थोडे अधिक असते. कथील वाढले की नाद स्वच्छ व दीर्घ होतो. पण धातू ठिसूळ बनतो आणि चुकीच्या जागी जोरदार आघात झाल्यास घंटेला तडा जाऊ शकतो. तडा गेलेल्या घंटेचा आवाज बद्द होतो. अशी घंटा पूर्वी वितळवून पुन्हा ओतली जात असे आणि त्या वेळी मूळ लेख नाहीसा होई. देवळांतील युरोपीय घंटांना लोकव्यवहारात ‘पंचधातूची घंटा’ म्हटले जाते. धातूचे पृथक्करण केल्याशिवाय मात्र हे वर्णन शब्दशः घेता येत नाही.

घंटेचा आकार खांद्याशी अरुंद आणि ओठाशी पसरट असतो. लोलक जेथे आदळतो तेथे ओठाची जाडी सर्वाधिक असते. सारख्या घडणीच्या घंटांमध्ये वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे व्यास दुप्पट झाला, तर वजन सुमारे आठपट होते. एक मीटर व्यासाच्या घंटेचे वजन साधारणपणे ६०० किलोग्रॅमच्या आसपास भरते. एखाद्या घंटेचे सांगितले जाणारे वजन विश्वसनीय आहे की नाही, याचा अंदाज केवळ व्यास मोजूनही घेता येतो.

भारतीय देवळांतील परंपरागत घंटा सहसा आकाराने लहान असते. ती साखळीने टांगलेली असते आणि दर्शनाला येणारा भाविक लोलक हलवून ती स्वतः वाजवतो. चर्चची घंटा उंच मनोऱ्यात असते, तिचा आवाज दूरवर पोहोचवणे हा तिचा हेतू असतो आणि ती वाजवण्याचे काम नेमलेल्या व्यक्तीकडे असते. वसईकडून आलेली घंटा देवळात बसली तेव्हा तिचे स्थानच नव्हे, तर तिच्या वादनाची रीतही बदलली.

वादनाच्या पद्धती

कॅथलिक चर्चमध्ये घंटा प्रार्थनेची वेळ कळवते. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी होणाऱ्या ‘अँजेलस’ प्रार्थनेसाठी तीन-तीन टोल तीन वेळा, थोडे थांबून, देण्याची पद्धत रूढ आहे. मिस्सा, सण, विवाह आणि मृत्यू यांसाठीही घंटा वाजवली जाते. मृत्यूची घंटा संथ लयीत, टोलांमध्ये अंतर ठेवून वाजते. घड्याळे घरोघरी येण्यापूर्वी वसई आणि गोव्यातील ख्रिस्ती वस्त्यांच्या दिनक्रमात या टोलांना वेळ सांगणारे साधन म्हणूनही महत्त्व होते.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात एक वेगळी पद्धत विकसित झाली. तिला ‘चेंज रिंगिंग’, म्हणजे क्रमपालट घंटावादन, म्हणतात. यात प्रत्येक घंटा मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली असते आणि वादनापूर्वी तोंड वर करून उभी ठेवली जाते. दोर ओढला की घंटा जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरते आणि पुन्हा तोंड वर येऊन थांबते. सर्वसाधारणपणे एक वादक एकच घंटा सांभाळतो. इतकी जड वस्तू हवी तेव्हा थांबवता येत नाही. वादकाला तिची गती किंचित वाढवता किंवा कमी करता येते. त्यामुळे या पद्धतीत सुरावट वाजवली जात नाही. घंटांचा क्रम प्रत्येक फेरीत नियमानुसार बदलत जातो आणि एका बदलात कोणतीही घंटा आपल्या जागेपासून फार तर एकच स्थान पुढे किंवा मागे सरकते.

हे वादन गणितातील क्रमचयांवर आधारलेले आहे. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सात घंटांचे ५,०४० आणि आठ घंटांचे ४०,३२०. सुमारे पाच हजार क्रमांचे अखंड वादन ‘पील’ म्हणून ओळखले जाते आणि त्याला साधारणपणे तीन तास लागतात. आठ घंटांचे सर्व ४०,३२० क्रम एकाच वादकचमूने १९६३ मध्ये लफबरो येथील घंटा-कारखान्यात वाजवले. त्यासाठी जवळजवळ अठरा तास लागले. वादक क्रम कागदावरून वाचत नाहीत, तर आपल्या घंटेचा मार्ग मुखोद्गत करतात.

मनोऱ्यांच्या सहली

क्रमपालट वादनाला जोडूनच मनोऱ्यांच्या सहलींची प्रथा रुजली. एका चर्चचे वादक शनिवारी किंवा जोडून आलेल्या सुटीत एकत्र निघतात आणि एका परिसरातील चार-सहा चर्चना भेट देतात. सहलीचा संयोजक प्रत्येक मनोऱ्याच्या प्रमुखाशी आधी पत्रव्यवहार करून परवानगी व वेळ ठरवतो. प्रत्येक ठिकाणी साधारणपणे अर्धा ते एक तास वादन होते. दुपारचे जेवण वाटेतील खाणावळीत घेतले जाते आणि घंटांच्या देखभालीसाठी यजमान चर्चला देणगी देण्याचा प्रघात आहे. वेळेचे बंधन काटेकोर असते. कारण पुढच्या गावी मनोऱ्याचे दार उघडण्यासाठी कोणीतरी थांबलेले असते आणि आसपासच्या रहिवाशांना वादनाची पूर्वसूचना दिलेली असते.

या सहलींचा पहिला उपयोग शिक्षणाचा आहे. प्रत्येक मनोऱ्यातील घंटांचे वजन, दोराची लांबी, दोर उतरण्याची जागा आणि घंटेचा फिरण्याचा कल वेगळा असतो. आपल्या गावच्या घंटेवर सरावलेला नवशिका दुसऱ्या मनोऱ्यात सुरुवातीला चाचपडतो. अशा अनेक घंटा हाताळल्यानंतरच त्याला अंदाज येतो. दुसरा उपयोग घंटांना होतो. ज्या गावात वादक उरलेले नाहीत, तेथील घंटा पाहुण्यांच्या निमित्ताने वाजतात आणि सैल झालेले खिळे, झिजलेले दोर, अडकणारी चाके यांसारखे दोष वेळीच लक्षात येतात.

तिसरा उपयोग नोंदणीचा आहे. किती मनोऱ्यांत आपण घंटा वाजवली याची वही अनेक वादक ठेवतात. रोनाल्ड डव्ह यांनी संकलित केलेली मनोऱ्यांची सूची १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि आता ती संगणकीय स्वरूपात उपलब्ध आहे. या पद्धतीने घंटा टांगलेले पाच हजारांहून अधिक मनोरे जगात असून त्यांतील बहुतेक इंग्लंडमध्ये आहेत. घंटांची संख्या, सर्वांत जड घंटेचे वजन आणि सूर अशी माहिती सूचीत दिलेली असते. वादकांची संख्या घटत असल्याची चिंता इंग्लंडमध्येही व्यक्त होते. मे २०२३ मधील राजे चार्ल्स तिसरे यांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने नवे वादक तयार करण्यासाठी देशव्यापी मोहीम राबवण्यात आली होती.

पोर्तुगीज काळ

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढील दोन शतकांत वसईच्या कोटात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या धर्मसंघांची चर्च व मठ उभे राहिले. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आजही कोटातील अवशेषांमध्ये उठून दिसतो. साष्टी, ठाणे आणि चौल-रेवदंडा या भागांतही चर्च बांधली गेली. या चर्चसाठी लागणाऱ्या काही घंटा युरोपातून आल्या, तर काही पोर्तुगिजांच्या भारतातील मुलखात ओतल्या गेल्या.

स्थानिक ओतकामाचे ठळक उदाहरण गोव्यात आहे. जुने गोवे येथील से कॅथेड्रलमधील ‘सोन्याची घंटा’ १६५२ मध्ये कुंकळ्ळी येथे ओतलेली असून ती आशियातील मोठ्या चर्च-घंटांपैकी एक मानली जाते. सोन्याची हे विशेषण तिच्या नादाला उद्देशून आहे. या कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. घंटा उरलेल्या मनोऱ्यात आहे.

घंटांचे स्थलांतर केवळ युद्धामुळे झाले असे नाही. जुने गोवे येथील सेंट ऑगस्टिन चर्च एकोणिसाव्या शतकात ओस पडल्यानंतर तेथील मोठी घंटा आधी आग्वादच्या किल्ल्यावर दीपगृहाजवळ नेण्यात आली आणि १८७१ मध्ये ती पणजीच्या मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये बसवण्यात आली. सेंट ऑगस्टिनचा मनोरा आज अर्धा ढासळलेल्या अवस्थेत आहे.

वसईची मोहीम आणि घंटांचे स्थलांतर

बाजीराव पेशवे यांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व साष्टी घेतली आणि दीर्घ वेढ्यानंतर मे १७३९ मध्ये वसई जिंकली. या विजयानंतर तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर आणल्या गेल्या. त्या हत्तींवरून मिरवत नेल्याचे स्थानिक परंपरा सांगतात.

युद्धानंतर घंटा ताब्यात घेण्याची प्रथा इतरत्रही आढळते. इ. स. ९९७ मध्ये अल्-मन्सूर याने स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील घंटा कोर्दोबाला नेल्या आणि तेथील मशिदीत त्यांचा दिवे म्हणून उपयोग झाला. युरोपात वेढा घालून जिंकलेल्या शहरातील घंटांवर तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क मानला जाई. घंटा आणि तोफ यांचा धातू जवळपास एकच असल्याने घंटा वितळवून तोफा ओतता येत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने युरोपभरातून जप्त केलेल्या घंटांची संख्या लाखाच्या वर जाते आणि त्यांतील बहुसंख्य घंटा वितळवल्या गेल्या. या पार्श्वभूमीवर, वसईकडून आलेल्या काही घंटा घंटा म्हणूनच, त्यांवरील ख्रिस्ती चिन्हांसह टिकल्या, ही बाब लक्षणीय ठरते. पेशवाईच्या दृष्टीने त्या विजयाच्या खुणा होत्या. वसई परिसरातील ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने त्या गमावलेल्या चर्चच्या खुणा होत. आज त्या दोन्ही स्मृती एकाच वस्तूत नांदतात.

देवळांतील प्रमुख घंटा

मेणवली (जिल्हा सातारा): वाईजवळ कृष्णाकाठी नाना फडणवीस यांच्या वाड्यालगतच्या घाटावर, मेणवलेश्वराच्या देवळाजवळ, लहानशा दगडी मंडपात ही घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाल येशूसह मेरीची आकृती आहे.

नाशिक: पंचवटीत गोदावरीच्या काठी सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या शिवमंदिराच्या तटावर, नदीकडील बाजूच्या कमानीत ही घंटा आहे. ‘नारोशंकराची घंटा’ या नावाने ती प्रसिद्ध असून तिचे साल १७२१ दिले जाते. महापुराचे पाणी घंटेला लागून ती वाजू लागली की शहराला इशारा मिळे, असे नाशिकमध्ये सांगितले जाते.

भीमाशंकर (जिल्हा पुणे): ज्योतिर्लिंगाच्या आवारात शनिमंदिरासमोर दोन खांबांच्या मधोमध ही घंटा आहे. चिमाजी अप्पा यांनी ती वसईहून आणून अर्पण केल्याची परंपरा आहे. तिचे साल मात्र वेगवेगळ्या लेखनांत १७२१, १७२७ आणि १७२९ असे निरनिराळे छापले गेले आहे.

थेऊर, महड आणि पाली: अष्टविनायकांपैकी थेऊरच्या चिंतामणी मंदिरातील आणि पालीच्या बल्लाळेश्वर मंदिरातील युरोपीय घंटांचा संबंध वसई व साष्टीच्या विजयाशी जोडला जातो. थेऊरच्या घंटेची जोडघंटा महडच्या वरदविनायकाकडे असल्याचे सांगितले जाते.

काळाचा प्रश्न

या घंटांच्या बाबतीत तीन काळ वेगळे ठेवावे लागतात: घंटा ओतली तो काळ, ती चर्चमधून निघाली तो काळ आणि ती सध्याच्या जागी बसवली तो काळ. घंटेवरील साल केवळ पहिल्याचा पुरावा देते. नाशिकचे मंदिर वसईच्या विजयानंतर आठ वर्षांनी बांधलेले आहे. नाना फडणवीस यांचा जन्मच १७४२ चा, म्हणजे वसई घेतल्यानंतरचा आहे. मेणवलीचा वाडा त्याहून कितीतरी उशिराचा. त्यामुळे या दोन्ही घंटा रणभूमीवरून थेट आजच्या जागी आल्या असे म्हणता येत नाही. मधली काही वर्षे त्या अन्यत्र होत्या, हे उघड आहे. त्याचप्रमाणे १७३९ नंतरचे साल असलेली युरोपीय घंटा वसईच्या मोहिमेतील असू शकत नाही. केवळ आकार युरोपीय आहे म्हणून प्रत्येक घंटेला ‘वसईची’ म्हणणे योग्य ठरत नाही, कारण पुढील काळात अशा घंटा व्यापारी मार्गानेही येत होत्या.

ब्रिटिश काळ

मुंबईत कुलाबा येथील सेंट जॉन चर्च ‘अफगाण चर्च’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या अफगाण युद्धात (१८३८–१८४२) मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या चर्चचे अर्पण १८५८ मध्ये झाले. त्याच्या मनोऱ्यातील आठ घंटा लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या असून त्या १९०४ मध्ये आल्या.

पुण्यात गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालय, म्हणजे पंचहौद चर्च, याचा उंच मनोरा मुख्य इमारतीपासून वेगळा उभा आहे आणि त्यात इंग्लंडमध्ये ओतलेल्या आठ घंटांचा संच आहे. डव्ह यांनी सुरू केलेल्या सूचीत पुण्याच्या या मनोऱ्याची नोंद आहे. याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली झालेल्या चहापानावरून न्या. महादेव गोविंद रानडे, लोकमान्य टिळक आदींना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले होते. पेठेच्या वस्तीत, वाड्यांच्या छपरांवरून ऐकू जाणारा हा घंटानाद शहराच्या त्या काळातील सामाजिक घडामोडींचा शेजारी होता.

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यातील घंटा घड्याळाच्या आहेत. त्यांची गणना चर्चच्या घंटांत होत नाही.

नोंदणी आणि जतन

घंटेची प्राथमिक नोंद करण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. तोंडाचा व्यास, उंची, ओठाची जाडी, टांगण्याची पद्धत, लेखाचा ठसा किंवा तिरप्या प्रकाशात घेतलेले छायाचित्र आणि एका टोलाचे ध्वनिमुद्रण एवढ्या गोष्टींवरून दोन घंटांची तुलना करता येते. भीमाशंकरच्या घंटेच्या सालाबाबतचा घोळ अशा एका स्वच्छ ठशाने मिटू शकतो. चर्च आणि देवळे या दोन्ही ठिकाणी घंटा उपासनेचा भाग असल्याने अशा कामासाठी संबंधित विश्वस्तांची परवानगी आवश्यक असते.

जतनाच्या दृष्टीने प्रमुख धोके चार आहेत. तैलरंगाचे थर चढवल्याने अक्षरे बुजतात. चकचकीतपणासाठी वारंवार घासल्याने उठावदार आकृत्या झिजतात. मूळ लोलकाऐवजी जड लोखंडी लोलक बसवल्यास ओठाला तडा जाण्याचा संभव असतो. लोलक वर्षानुवर्षे एकाच जागी आदळत राहिला, तर तेथे खळगा पडतो. यावर घंटा थोडी फिरवून टांगणे हा रूढ उपाय आहे. समुद्रकाठच्या चर्चमध्ये घंटेपेक्षा ती पेलणारी लोखंडी चौकट खाऱ्या हवेने आधी गंजते.

घंटा पूर्णपणे बंद ठेवणे हा सुरक्षित पर्याय मानला जात नाही. नियमित आणि योग्य रीतीने वाजणाऱ्या घंटेकडे लक्ष राहते आणि तिचे सांधे, दोर व चौकट यांची तपासणी होत राहते. वसईकडून आलेल्या घंटा जवळजवळ तीन शतकांनंतर लोकांच्या परिचयाच्या राहिल्या, याचे एक कारण त्या देवळांत वापरात राहिल्या हे आहे.

हेही पाहा

वसईची मोहीम
वसईचा किल्ला
नारोशंकर मंदिर
मेणवली
से कॅथेड्रल, जुने गोवे
अफगाण चर्च